चावऱ्या कुत्र्याचं स्थळ

केशोरीत एखादं कुत्रं चावरं निघालं की सल्ला शोधायला लांब जावं लागत नाही. 'वावरावर नेऊन बांधा, राखण तरी होईल.' गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं हे गाव मिरचीसाठी नाव कमावून आहे. धानाच्या बांध्या आणि मिरचीची वावरं गावाबाहेर पसरलेली, पुढे जंगल, जवळच इटियाडोहचा जलाशय आणि नवेगावचं राष्ट्रीय उद्यान. रानडुकरांपासून पीक वाचवायचं तर रात्रीची जागल चुकत नाही. घरात नकोसा झालेला कुत्रा वावरावर गेला म्हणजे दोन्हीकडचा प्रश्न सुटला, असं वाटणं साहजिक आहे. सुटतो तो फक्त घरच्यांचा, आणि तोही काही दिवसांपुरता.

या विषयावर गावातली दोन माणसं हमखास एकमेकांच्या विरुद्ध बोलतील. एक, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक. नोकरीभर गायी-बैलांना सुया टोचल्या, पण गावाने त्यांना कायम 'डॉक्टरसाहेब'च म्हटलं. दुसरी, आरोग्यसेविका, गावाची 'सिस्टर'. डॉक्टरसाहेबांना जनावर दिसतं. सिस्टरला त्याने केलेली जखम दिसते. नावं वगळून त्यांचं बोलणं इथे मांडलं आहे, कारण अशी जोडी विदर्भातल्या कुठल्याही मोठ्या गावात सापडेल.

बोलण्याचा विषय अडीच वर्षांचा एक कुत्रा, अल्सेशियनचा मिश्र. नागपूरला नोकरी करणाऱ्या मुलाने हौसेने पिल्लू घेतलं, खोली बदलताना घरमालकाने नाही म्हटलं, आणि कुत्रा केशोरीला आईवडिलांच्या अंगणात येऊन पडला. एकदा दूधवाल्याची पँट फाडली. मग शेजारच्या सहा वर्षांच्या पोराच्या हाताला चावला. नागपूरच्या मुलाच्या वडिलांनी दोघांसमोर हात जोडले, "कुठे तरी लावून द्या जी याला."

"कुठे तरी म्हणजे कुठे?" सिस्टरने तिथल्या तिथे विचारलं. "जिथे आपल्याला दिसणार नाही तिथे?"

डॉक्टरसाहेबांना हा टोला आवडला नाही. त्यांचं म्हणणं असं, की कुत्रा वाईट नसतो, जागा चुकलेली असते. अंगणात जांभळाच्या झाडाला बांधलेला हा कुत्रा त्यांनी जवळून पाहिला होता. साखळी जेवढी लांब, तेवढ्या वर्तुळात गवताची काडी शिल्लक नव्हती. येरझारा घालून जमीन घट्ट झाली होती. मानेवर पट्ट्याच्या रेषेत केस झडलेले. डोकं सारखं डावीकडे कललेलं. मुसकं बांधून कान उलटा करून पाहिला तर आत काळा चिकट मळ, आणि हातभर अंतरावरून येणारा आंबूस वास.

"कान सडला होता त्याचा. पोराने लाडाने डोक्यावर हात ठेवला, तो नेमका कानावर पडला. आता सांगा, चूक कोणाची?"

"मी चूक नाही विचारत. मी विचारते, उद्या दुसऱ्या घरात पोरगं आलं आणि दुसरा कान दुखत असला तर?"

इथे डॉक्टरसाहेब थोडे अडले, पण मुद्दा त्यांचा खरा होता. कुत्रा अचानक चावरा झाला तर आधी दुखणं शोधायचं, हे पशुवैद्यकातलं पहिलं काम. कान, दात, सांधे, गोचिडांनी केलेल्या जखमा. जनावर सांगू शकत नाही, म्हणून दात दाखवतं. कान बरा होईपर्यंत या कुत्र्याच्या स्वभावाविषयी काहीच ठरवता येणार नव्हतं, आणि नेमकं त्याच घाईत घरचे होते.

घाईला सिस्टरनेही अडवलं, पण वेगळ्या कारणाने. चावल्यापासून दहा दिवस कुत्रा नजरेसमोर राहिला पाहिजे. रेबीजचा विषाणू लाळेतून बाहेर पडत असेल तर तो कुत्रा त्या दहा दिवसांत आजारी पडतो किंवा मरतो. दहाव्या दिवशी तो धडधाकट असेल तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता, एवढं पक्कं म्हणता येतं. "आणि हे लोक तिसऱ्याच दिवशी त्याला वडस्याच्या पाव्हण्याच्या गाडीत बसवायला निघाले होते. पाव्हण्याला सांगितलं काय? तर 'खरचटलं होतं थोडं'." पोराच्या हातावर दोन खोल दात होते. आणि घरच्यांनी जखमेत लाल तिखट भरून आणलं होतं. केशोरीची मिरची, दुसरं काय. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं सोडून हे. लस सिस्टरने लगेच सुरू केली. कुत्र्याच्या दहा दिवसांची वाट पाहत लस लांबवायची नसते.

'खरचटलं' या सबबीवर दोघांचं एकमत झालं, तेवढ्यापुरतं. जगभर जिथे जिथे चावऱ्या कुत्र्याला दुसरं घर शोधलं जातं, तिथे पहिली अडचण हीच असते: देणारा कमी सांगतो. इयान डनबर या प्राणीवर्तनाच्या डॉक्टरने चाव्यांची सहा पायऱ्यांची मोजपट्टी केली, ती यासाठी उपयोगी पडते. पहिली पायरी म्हणजे नुसतं अंगावर येणं, दात लागत नाही. दुसरीत दात लागतो, कातडी फुटत नाही. तिसरीत एक ते चार छिद्रं, पण सुळ्याच्या अर्ध्या लांबीपेक्षा कमी खोल. चौथीपासून प्रकरण गंभीर, सहावी म्हणजे मृत्यू. दूधवाल्याची पँट दुसऱ्या पायरीत बसली, पोराचा हात तिसऱ्या. डॉक्टरसाहेबांच्या मते तिसऱ्या पायरीचा कुत्रा नीट हाताळला तर सुधारू शकतो. सिस्टरच्या मते दुसरीतून तिसरीत आलेला कुत्रा वर चाललेला आहे.

दोघंही बरोबर असू शकतात, ही या विषयातली खरी कटकट.

"सिस्टर, तुमच्या हिशेबाने तर याला इथेच साखळीत मरू द्यायचं," डॉक्टरसाहेब म्हणाले.

"ज्यांनी आणला त्यांनी सांभाळावा. दुसऱ्याच्या गळ्यात काहून?"

सांभाळावा म्हणजे कसा, इथे गाडी अडते. याच घरात, याच साखळीने, तर तो आणखी चावरा होईल, असा डॉक्टरसाहेबांचा दावा. त्याला आधार आहे. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात चावलेले 178 कुत्रे आणि न चावलेले 178 कुत्रे यांची तुलना करणारा अभ्यास 1994 साली प्रसिद्ध झाला. चावणाऱ्यांत नर जास्त होते, खच्ची न केलेले जास्त होते आणि अंगणात साखळीने बांधलेले जास्त होते. डॉक्टरसाहेबांनी हे सांगितलं आणि थांबले. सिस्टरने मोबाइलवर तोच अभ्यास शोधून पुढचं वाक्य वाचून दाखवलं: चावणाऱ्यांत अल्सेशियनही जास्त होते.

"ते सांगायचं राहिलं का, डॉक्टरसाहेब?"

"जातीवर गेलं की सरकारसारखं होतं जी," ते हसून म्हणाले. त्यांचा रोख मार्च 2024 च्या परिपत्रकावर होता. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने पिटबुल, रॉटवायलर, केन कोर्सो अशा 23 जातींना 'हिंस्र' ठरवून त्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, असं राज्यांना कळवलं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. त्या यादीत अल्सेशियन नव्हताच. नुसती जात पाहून दंश थांबत नाहीत हे खरं, पण तीस-पस्तीस किलोच्या कुत्र्याचा दात आणि आठ किलोच्या कुत्र्याचा दात सारखा नसतो, हेही तितकंच खरं. नवं घर पाहताना वजन विसरून चालत नाही.

मग वावराचा पर्याय. घरच्यांनी पुन्हा तोच काढला. यावर डॉक्टरसाहेब अनुकूल असतील असं सिस्टरला वाटलं होतं, ते उलटे निघाले. मिरचीची तोडणी सुरू झाली की वावरात बाया येतात, सोबत लहान पोरं असतात, ती धुऱ्यावर खेळतात. अनोळखी माणसांवर आणि पोरांवर धावणाऱ्या कुत्र्याला नेमकं तिथे बांधायचं? आणि रात्री एकटा बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला आमंत्रण. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा खाल्लेल्या भक्ष्याच्या वजनात 39 टक्के वाटा पाळीव व भटक्या कुत्र्यांचा निघाला. ते उसाचं रान. इथे तर खरंच जंगल. साखळीतल्या कुत्र्याला पळायलाही जागा नाही.

सोडून ठेवला तर दुसरं संकट. "तो हरणामागे जाईल, आणि त्याच्याबरोबर त्याचे रोग जातील," डॉक्टरसाहेब म्हणाले. सोलापूरजवळच्या नान्नज माळढोक अभयारण्याच्या परिसरातल्या गावठी कुत्र्यांचं रक्त अनिरुद्ध बेलसरे यांच्या गटाने तपासलं, तर बहुतेक मोठ्या कुत्र्यांना डिस्टेंपर आणि पार्व्होचा संसर्ग कधी ना कधी होऊन गेलेला होता. 2018 साली गीरच्या दलखाणिया भागात 23 सिंह दगावले. त्यांतल्या काहींत हाच डिस्टेंपरचा विषाणू सापडला. नवेगाव-नागझिरा 2013 पासून व्याघ्रप्रकल्प आहे, आणि नागझिऱ्याचे रानकुत्रे पाहायला लोक लांबून येतात. तेही कुत्र्याच्याच कुळातले.

सिस्टरला हे नवं होतं. वावर तिने फक्त बायापोरांसाठी नाकारलं होतं.

कुणीतरी हेमलकशाचं नाव घेतलं. आपल्याकडे कुठलंही जनावर नकोसं झालं की हे नाव निघतं. प्रकाश आमट्यांचं ते अनाथालय रानातल्या पोरक्या जिवांसाठी आहे, नागपूरच्या हौसेच्या कुत्र्यासाठी नाही, असं सिस्टरने जरा फटकारूनच सांगितलं. रस्त्यावर सोडण्याचा विचार तर कुणी मोठ्याने बोललं नाही, पण मनात होता. 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात, उपाशी-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. कित्येक दशकांत हा आकडा हलला नाही, आणि कुत्रे सोडणाऱ्यांना तो ठाऊक आहे. मात्र पाळलेल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी न घेतल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वडिलांनी हे कलम ऐकलं तेव्हा पहिल्यांदा खाटेवर नीट बसले.

'घ्या की घरी' हे दुसऱ्याला सांगणं सोपं असतं. न्यायालयांनीही ते करून पाहिलं. ऑक्टोबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की भटक्या कुत्र्यांना खाऊ घालायचं असेल तर आधी त्यांना रीतसर दत्तक घ्या, घरी न्या किंवा निवाऱ्यात ठेवा. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती सक्ती रोखली. पोळी टाकणाऱ्याने घर दिलंच पाहिजे, असा आग्रह धरता येत नाही. 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात त्याच न्यायालयाने दत्तक घेण्याची वाट मोकळी ठेवली, आणि एक अट घातली: घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची. त्या आदेशानुसार नसबंदी-लसीकरण झालेले कुत्रे होते तिथे परत सोडायचे होते. पिसाळलेले आणि आक्रमक मात्र सोडायचे नव्हते. पाळीव कुत्र्याला हा आदेश सरळ लागू होत नाही, पण सिस्टरने तो आपल्या बाजूने घेतला.

"पाहा, आक्रमक कुत्रा सोडू नका, असं दिल्लीसुद्धा म्हणते."

"सोडू नका म्हणते. कुणाला देऊ नका म्हणत नाही."

डॉक्टरसाहेबांकडे एक मोठं उदाहरण होतं, आणि ते त्यांनी राखून ठेवलं होतं. 2007 साली अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात मायकेल विक या फुटबॉलपटूच्या जागेतून झुंजीसाठी ठेवलेले पन्नासच्या वर पिटबुल जप्त झाले. अशा कुत्र्यांना तेव्हा सरसकट मारलं जाई. न्यायालयाने या वेळी एकेका कुत्र्याची तपासणी करायला लावली. 22 कुत्रे यूटा राज्यातल्या बेस्ट फ्रेंड्स या आश्रयस्थानात गेले, बाकीचे इतर संस्थांकडे. पुढे त्यांतले कित्येक साध्या घरांत राहिले, काही तर रुग्णांना भेटायला दवाखान्यात जाऊ लागले.

"आणि सगळे घरी गेले?" सिस्टरने विचारलं.

नाही. हेच उदाहरण तिच्याही कामाचं होतं. एक कुत्रा अतिआक्रमक म्हणून मारावा लागला. यूटातल्या दोघांना आयुष्यभर आश्रयस्थानातच ठेवा, असा न्यायालयाचा आदेश होता. काहींना कायमचं घर मिळण्याआधी महिनोन्‌महिने तात्पुरत्या घरात राहावं लागलं, वागणुकीची परीक्षा द्यावी लागली. आणि विकला या कुत्र्यांच्या देखभालीसाठी नऊ लाख डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागली. केशोरीत एवढं कोण भरणार, हा प्रश्न विचारायचीही गरज नव्हती. पण पैशापेक्षा त्यातली पद्धत महत्त्वाची: प्रत्येक कुत्र्याचा निर्णय वेगळा, आणि 'याला घर नाही' हेही एक उत्तर.

तरीही हे उत्तर आपल्याकडे कागदावरच राहतं. आश्रयस्थानं मोठ्या शहरांत, तीही भरलेली. धडधाकट कुत्र्याला केवळ चावरा म्हणून मारणं बहुतेक पशुवैद्यांना पटत नाही. म्हणून अर्जुनी मोरगावसारख्या तालुक्यात उरतात दोनच गोष्टी: आहे ते घर बदलायचं, किंवा खरोखर वेगळं घर शोधायचं.

आधी घर बदलून पाहू, असं सिस्टर म्हणाली. इथे तिचं मत थोडं हललेलं दिसतं. सकाळी ती 'ज्याचं त्याने निस्तरावं' एवढंच म्हणत होती. अंगणाला फाटक लावा, साखळी काढा. पोरं येतात त्या वेळी कुत्रा मागच्या खोलीत. बाहेर नेताना जाळीचं मुसकं, ज्यातून त्याला धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. दोरीने तोंड आवळणं नव्हे. डॉक्टरसाहेबांनी भर घातली: काठी बंद. मारून गप्प केलेला कुत्रा गुरगुरणं सोडतो, चावणं सोडत नाही, आणि मग तो सूचना न देता चावतो. खच्ची करून घ्या. भटकणं आणि माद्यांवरून होणारी भांडणं कमी होतील. भीतीने चावण्यावर मात्र तो उपाय नाही, हे त्यांनी आपणहून सांगितलं.

वडिलांनी सगळं ऐकलं. घरात दोघं म्हातारी, सुनेचं बाळ उन्हाळ्यात येणार. रांगणारं मूल आणि हा कुत्रा एका घरात नको, यावर वाद झालाच नाही. सिस्टरचा 'इथेच ठेवा' हा आग्रह तिथे संपला.

आता स्थळं निघाली. अर्जुनीच्या एका राइस मिलचा मालक राखणीला कुत्रा मागत होता. दिवसभर हमाल, ट्रकवाले, धान घेऊन येणारे शेतकरी. अनोळखी माणसांना बिचकणाऱ्या कुत्र्याला याहून वाईट जागा सुचणार नाही. मालकाला चावराच हवा होता, म्हणून तो खूश होता. कुत्र्याच्या चावण्याची जाहिरात ऐकून जो खूश होतो, त्याला तो देऊ नये, असा डॉक्टरसाहेबांचा नियम. दुसरं स्थळ नागपूरच्या एका तरुणाचं, मोबाइलवर फोटो पाहून भाळलेला. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, दिवसभर ऑफिस. तेही नाकारलं.

तिसरं वडस्याचं, पण तो पाव्हणा नाही. निवृत्त पती-पत्नी, घराला भिंत आणि फाटक, नातवंडं परदेशात. पूर्वी दोन अल्सेशियन सांभाळलेले, दुसरा चौदा वर्षांचा होऊन गेला. त्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो 'कसा दिसतो' नव्हे, 'कधी चावला आणि कशावरून'.

"ही माणसं बरी वाटतात," सिस्टर म्हणाली. तिच्या तोंडून हे निघायला बराच वेळ लागला.

पण देणं एका फेरीत उरकायचं नाही, यावर ती ठाम राहिली. कान पूर्ण बरा झाल्यावर त्यांनी दोनदा-तीनदा केशोरीला यायचं, कुत्रा मुसक्यात, हातात दोर त्यांच्या. मग कुत्र्याने तिकडे जायचं. पहिले काही दिवस पाहुणे नाहीत, बाजारात नेणं नाही. नव्या घरी बुजलेला कुत्रा सुरुवातीला गप्प असतो, त्याला लोक 'सुधारला' समजतात. खरी वागणूक काही आठवड्यांनी दिसायला लागते. लस टोचल्याचा कागद सोबत. जमलं नाही तर कुत्रा परत केशोरीलाच येईल, तिसऱ्याकडे जाणार नाही, हे लिहून. नागपूरच्या मुलाने खाण्या-औषधाचा खर्च सहा महिने द्यायचा. शेवटची अट डॉक्टरसाहेबांनी घातली आणि वडिलांनी मुलाला विचारल्याशिवाय मान्य केली.

"लग्नाच्या बोलणीपेक्षा जास्त अटी झाल्या जी," वडील म्हणाले.

"लग्नात लपवलेलं नंतर भांडणात निघतं," डॉक्टरसाहेब म्हणाले, "याचं लपवलेलं दवाखान्यात निघतं."

ते वहीचं पान फाडून लिहायला बसले. वय, वजन, खाणं, काय आवडतं, कशाला घाबरतो. कानाला हात लावू देत नाही, ताटलीजवळ कुणी आलं तर ताठरतो. सिस्टर खांद्यावरून वाचत होती.

"दोन्ही चावे तारखेसकट लिहा," ती म्हणाली. "आणि दुसऱ्यापुढे छिद्रं दोन, हेही लिहा. पोराच्या केसपेपरवर मी तेच लिहिलंय."